छपराला खालनं कोणी धरलंय?

घराचं बांधकाम सुरू व्हायच्या आधी परत काकांचा फोन. "बाय, तू इंजिनिअर ना, मग एकदाच काय ते सांग. आरसीसी करू का चिऱ्यात बांधू? आणि वर स्लॅब का पत्रा?" (आरसीसी म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं, चिरा म्हणजे आमच्याकडचा जांभा दगड.) म्हटलं काका, हा प्रश्न तुम्ही मला २०२० पासून विचारताय आणि दर वेळी माझं उत्तर ऐकून झालं की गवंड्याला विचारायला जाता. तर म्हणे, "तो रोज बांधतो, तू कागदावर बांधतेस." आता ह्यावर काय बोलणार. म्हणून म्हटलं सगळं एकदा लिहूनच काढू, मुंबईहून दादाही तेच तेच विचारत असतो, त्यालाही वाचता येईल.

काकांचं घर दिवेआगरच्या जवळ, समुद्रापासून चालत दहा मिनिटं, मधे पोफळीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ बरोबर आमच्या अंगावरनं आत शिरलं. हवामान खात्याच्या आकड्यात वारा ताशी १०० ते ११० किमी आणि झोत १२० पर्यंत. मी तेव्हा माणगावात लॉकडाऊनमध्ये अडकलेली, त्यामुळे प्रत्यक्ष बघितलं नाही, पण काकूने इतक्या वेळा सांगितलंय की बघितल्यासारखंच झालंय.

आधी वारं आलं ते पूर्वेकडनं. हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या वारं म्हणजे समुद्राकडनं येणारं, पावसाची झड पश्चिमेची, म्हणून पश्चिमेच्या पडवीला झापं बांधायची, त्या बाजूच्या खिडक्या लहान, दारं जाडजूड. आणि पूर्वेला मागीलदार, फळ्यांचं, कडी लावली तर लावली. पण चक्रीवादळ आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलटं फिरतं, म्हणजे ते अजून समुद्रात असतं आणि आपण त्याच्या पुढ्यात असतो तेव्हा वारं जमिनीकडनं समुद्राकडे वाहतं. मग केंद्र डोक्यावरनं जातं, जरा शांत होतं, लोक बाहेर येऊन बघतात काय काय पडलं ते, आणि मग समुद्राकडनं दुसरा हप्ता. काकांचं मागीलदार पहिल्याच हप्त्यात गेलं, आणि दार गेल्यावर, काकू म्हणते, चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात अख्खं छप्पर. आजीला घेऊन दोघं माजघरात मोठ्या कॉटखाली बसलेले, वर आभाळ.

रस्त्यात झाडंच झाडं, मी पोचले ती चौथ्या दिवशी. छप्पर शेजारच्या वाडीत पडलं होतं, अख्खंच्या अख्खं, उलटं, उताणं. मी त्याच्याभोवती दोन तास फिरले (काकांना वाटलं मला धक्का बसलाय). पत्रे अँगलला धरूनच होते, J आकाराचे हुक जवळजवळ सगळे जागच्या जागी, कैच्या (छप्पर तोलणारे लोखंडी त्रिकोण) थोड्या वाकलेल्या पण वेल्डिंग कुठे तुटलेलं नाही. म्हणजे छपराने एकमेकांना घट्ट धरलं होतं. सुटलं होतं ते सगळ्यात शेवटी. कैचीच्या टोकाला बेस प्लेट असते, तिला दोन-दोन अँकर फास्टनर, म्हणजे भोक पाडून ठोकायचे बोल्ट, मारलेले, तीन इंची, भिंतीच्या सगळ्यात वरच्या चिऱ्यात. ते सरळ उपटून आलेले. त्यांच्या आट्यांमध्ये जांभ्याची लाल भुकटी अडकलेली होती, नखाने कोरली की निघत होती. एका प्लेटने तर चिराच सोबत नेला होता, तो तसाच लोंबकळत होता, पोफळीला टेकून.

त्याच रात्री टॉर्चच्या उजेडात काकांना हिशेब करून दाखवला, लाईट तर पुढे महिनाभर आलीच नाही. घर ३० फूट बाय ४० फूट, म्हणजे १११ चौरस मीटर. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आयएस ८७५ ह्या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये आहे आणि ते फार सोपं आहे, वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ०.६ ने गुणायचं, दर चौरस मीटरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, दाब साधारण ६६७ न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला ६८ किलो. वर्ग आहे हे महत्त्वाचं, वारं दुप्पट झालं की दाब चौपट. आता कैचीच्या छपराला हा दाब खाली ढकलत नाही, वर ओढतो, कारण वारं छपरावरनं वळताना वरच्या बाजूला चोषण तयार होतं, आणि मागीलदार गेल्यावर आत घुसलेलं वारं खालनं ढकलायला लागतं. दोन्ही मिळून वरची ओढ मी साधारण त्या दाबाएवढीच धरली, खरं तर त्याहून जास्तच भरेल. १११ गुणिले ६८, साडेसात टन. पत्रा आणि लोखंड मिळून वजन किती? पत्रा अगदी अर्ध्या एमएमचा धरला तरी चौरस मीटरला चार-पाच किलो, अँगल धरून पंधरा किलो म्हणू, सगळं मिळून पावणेदोन टन. म्हणजे जवळजवळ सहा टनांची ओढ वरच्या दिशेने उरते. पाच कैच्या, दहा टोकं, एकेका टोकाला ६०० किलो.

काका म्हणाले "मग?" म्हटलं काका, एक चिरा किती किलोचा? तीसेक. म्हणजे प्रत्येक टोकाला खाली वीस चिरे बांधून लोंबकळत ठेवायला पाहिजे होते. तुम्ही एका चिऱ्याला बांधलं होतंत.

काका गप्प बसले आणि दुसऱ्या आठवड्यात जाऊन जाड पत्रा घेऊन आले. आधी ०.३५ चा होता, आता ०.५० चा. तेव्हा पत्र्याला नुसती मारामार होती, मिळेल त्या भावाने लोक घेत होते, त्यामुळे मी फार बोलले नाही. पावसाळा तोंडावर, आजी घरात, डोक्यावर काहीतरी पाहिजेच होतं. पण बसवायला आला तो तोच फॅब्रिकेटर आणि तेच फास्टनर, फक्त दोनाऐवजी चार. त्याच वरच्या चिऱ्यात.

मला ह्या विषयावर जे काय सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे. आरसीसी चांगलं की लोड बेअरिंग (म्हणजे सगळा भार भिंतींवरच), लाकूड की लोखंड, ही भांडणं आम्ही इंजिनिअर लोकही हौसेने करतो, पण वादळाला त्याच्याशी घेणंदेणं नसतं. ते फक्त साखळी बघतं. पत्रा पर्लिनला (पत्र्याखालचे आडवे अँगल), पर्लिन कैचीला, कैची भिंतीला, भिंत जोत्याला, जोतं जमिनीला, ह्यातली एक कडी कच्ची निघाली की बाकीच्या कितीही पक्क्या असू देत. सिस्टीम निवडायची म्हणजे ही साखळी कुठल्या पद्धतीने आपल्या गावातल्या माणसांच्या हातून अखंड बांधून होईल ते बघायचं. अमेरिकेत १९९२ साली अँड्र्यू हरिकेन फ्लोरिडात घुसलं (हरिकेन आणि चक्रीवादळ एकच, समुद्र बदलला की नाव बदलतं), तेव्हा त्यांच्या लाकडी घरांचीही हीच गत झाली होती, छताच्या फळ्या खिळ्यांऐवजी स्टेपलच्या पिनांनी ठोकलेल्या आणि त्यातल्या कित्येक पिना खालच्या लाकडाला लागलेल्याच नाहीत. नंतर त्यांनी कायदे कडक केले, वासा आणि भिंत जोडायला वाकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या सक्तीच्या केल्या. मायामीच्या भागात तर खिडकीची परीक्षा घेताना चार किलोचं लाकूड ताशी ५५ किमीने काचेवर फेकून बघतात. का, तर खिडकी फुटली की आतनं दाब आणि मग छप्पर. काकांचं मागीलदार, दुसरं काय.

ह्यावरनं आठवलं, आमच्याकडे एक समजूत आहे की वादळात खिडक्या उघड्या ठेवायच्या म्हणजे हवा आरपार जाते आणि घर वाचतं. नाही वाचत. सगळी दारं-खिडक्या बंद आणि मागनं आडणा, म्हणजे दाराला आतनं आडवं घालायचं लाकूड. आडणा हा शब्दसुद्धा आता तरुण सुतारांना समजावून सांगावा लागतो.

आता शेजारच्या आत्याचं घर. तिचं चौपाखी, मंगलोरी कौलं, आजोबांच्या काळातलं. काकांच्या घरापासून पन्नास पावलांवर, वारं तेच. कडेची आणि कोपऱ्याची दोनतीनशे कौलं गेली, पडवीवर एक पोफळ आडवी झाली, पण सांगाडा जागच्या जागी. गावात सगळे म्हणायला लागले बघा जुनं ते सोनं. मला ते पटत नाही, कारण त्याच गावात मातीत बांधलेली आणि वाळवी लागलेली जुनी घरं बसलीही आहेत. आत्याचं का टिकलं त्याला कारणं आहेत. एक म्हणजे चौपाखी, चारी बाजूंनी उतार, त्यामुळे वारं कुठनंही आलं तरी त्याला सपाट भिंत किंवा एकदम धारदार कड मिळत नाही. दुपाखी छपराला दोन टोकांना भिंतीचा जो उंच त्रिकोण राहतो, गेबल म्हणतात तो, तो वाऱ्याला सरळ छातीवर घेतो आणि वर त्याला धरायला काही नसतं, पडतो तो तिथनंच. दुसरं, उतार चांगला, पंचवीस-तीस अंशाचा, आजकाल पत्र्याच्या शेडी जवळजवळ सपाट करतात आणि सपाट छपरावर चोषण जास्त. तिसरं वजन, एक कौल दोन-अडीच किलोचं, त्याखाली रिपा, वासे, आढं, सगळं धरून पत्र्याच्या छपराच्या कितीतरी पट. आणि चौथं मला सगळ्यात आवडतं, कौलं सुटी असतात, फटी असतात, आतला दाब थोडा तिथनं निघून जातो, आणि अगदीच झालं तर काही कौलं उडतात आणि सांगाडा सुटतो, घरातला फ्यूज उडावा तसं. अर्थात उडालेलं कौल शेजाऱ्याच्या खिडकीत जातं हेही आहेच, आत्याच्या एका कौलाने काकांच्याच न्हाणीची काच फोडली होती, त्यावरनं अजून बोलणी होतात.

मग लोकांनी कौलं काढली का? माकडं. दुसरं कारण नाही. आणि दर वर्षी मे महिन्यात घर शाकारायला आता माणूस मिळत नाही, मिळाला तर तो जेवढी बसवतो त्याच्या निम्मी पायाखाली फोडतो. काकांनी २०१२ साली कंटाळून कौलं उतरवली आणि पत्रा घातला. मला त्यांचा राग येत नाही, पावसाळ्यात रात्री उठून टोपं-बादल्या लावत फिरलेल्या माणसाला वाऱ्याचं काय सांगणार. आमच्याकडे घर गळतीला घाबरून बांधतात.

म्हणून तर सगळ्यांना स्लॅब हवा असतो. आणि खरं सांगायचं तर वाऱ्यापुरतं बोलायचं तर स्लॅब म्हणजे विषय संपला. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर, ओढ ६८ किलोची, कुठे उडणारे तो. एकमजली-दुमजली घराला बाजूने ढकलणारा वाऱ्याचा जोरही घराच्या वजनापुढे किरकोळ. मग अडचण काय? अडचण दोन. पहिली अशी की कोकणातला स्लॅब गळतो, नाहीतर गळेल अशी भीती असते, म्हणून दोन वर्षांत त्याच्यावर पत्र्याची शेड येते. खाली कपडे वाळतात, सुपारी सोलतात, सोय मोठी आहे. पण शेड चारी बाजूंनी उघडी, पोस्ट नुसत्या बेस प्लेटने स्लॅबवर टेकवलेल्या, वॉटरप्रूफिंग फुटेल म्हणून बोल्ट खोल मारत नाहीत. म्हणजे वाऱ्याचा विषय ज्या स्लॅबने संपवला होता त्याच्याच डोक्यावर आपण तो परत नेऊन ठेवतो. निसर्गमध्ये मी जी उडालेली छपरं मोजली त्यातली निम्मी स्लॅबवरच्या शेडींची होती. शेड करायचीच तर स्लॅब ओततानाच कॉलमच्या सळया दोन फूट वर ठेवा, त्यावर काँक्रीटचा पेडेस्टल, म्हणजे ठोकळा, त्यात J आकाराचे बोल्ट आधीच ओतलेले. हे नंतर जमत नाही, जमलं तरी तसं होत नाही.

दुसरी अडचण गंज. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण वादळ दहा वर्षांत एकदा येतं, गंज रोज येतो. आयएस ४५६ ह्या काँक्रीटच्या मानकात समुद्रकाठच्या हवेतलं काँक्रीट सरळ 'सिव्हिअर' वर्गात टाकलंय, म्हणजे आरसीसीला कमीत कमी एम ३० (एमचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) आणि सळईवर ४५ एमएम कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण. खारे तुषार अंगावर येत असतील तर एम ३५ आणि ५०. आता आमच्याकडे काय होतं बघा. मालाचं प्रमाण घमेल्यावर, पाणी विहिरीचं आणि विहीर मचूळ, वाळू खाडीची, धुतली तर धुतली. कव्हर राखायला सळईखाली ठोकळा, कव्हर ब्लॉक, लावायचा असतो, त्याऐवजी खडी सारतात, काँक्रीट ओतताना तिच्यावर माणूस नाचतो, खडी सरकते, सळई खाली बसते. काकांच्या न्हाणीवरचा छज्जा २००५ च्या आसपासचा असेल, गेल्या वर्षी त्याचा खालचा पापुद्रा पडला. मी स्टुलावर चढून टेप लावली, सळईखाली १२ एमएम काँक्रीट. सळई दहाची होती, आता जिथे उघडी पडलीये तिथे पेन्सिलच्या शिशाएवढी झालीये आणि दोन बोटांनी चुरली तर पापड मोडावा तसे पदर सुटतात. असा फ्रेम स्ट्रक्चरचा (कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभ्या घराचा) कॉलम असला तर तो नकाशात नऊ बाय बारा इंचाचा असला काय आणि नसला काय.

आणि फ्रेम केली की गवंडी भिंतीकडे दुर्लक्ष करतो, "मॅडम ती नुसती भरणीची भिंत आहे". स्टिल्टवरचं पार्किंग तर अजून वेगळं प्रकरण, खालचा मजला नुसत्या कॉलमवर आणि वर भिंतीच भिंती, भुजला २००१ मध्ये आणि अहमदाबादेत अशाच इमारती खालच्या मजल्यात मोडल्या. अलिबाग-रत्नागिरीत सात-आठ मजली बांधणाऱ्यांनी लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती आणि शिअर वॉल (बाजूचा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) ह्यांच्यात कंजुषी करू नये, तिथे बाजूचं वारं खरंच बोलायला लागतं. तो माझ्या काकांचा प्रश्न नाही, सोडून देते.

भूकंपाचं मात्र काकांना सोडता येत नाही, कारण ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची रात्र त्यांना आठवते, फडताळातली पितळेची भांडी खाली आली होती म्हणतात. इथे गंमत अशी आहे की वाऱ्याला जड घर आवडत नाही म्हणजे ते उडत नाही, आणि भूकंपाला जड घर फार आवडतं, जेवढं वजन तेवढा धक्का. म्हणजे नुसतं वजन वाढवत गेलं की एका बाजूने वाचलो आणि दुसऱ्या बाजूने अडकलो. दोन्हीला चालेल असं उत्तर एकच, बांधून ठेवा. हलकं असलं तरी चालेल पण बांधलेलं हवं.

म्हणून काकांसाठी मी जे काढलंय ते असं. भिंती चिऱ्याच्याच, कारण चिरा इथे चिरेखाणीतनं मिळतो, गवंड्याच्या हाताला त्याची सवय आहे आणि चिऱ्याला गंज चढत नाही. पण नुसतं लोड बेअरिंग नाही. आधी भिंत बांधायची, कोपऱ्यात आणि दारांच्या बाजूला चिरे दात ठेवून थांबवायचे, आणि मग त्या खाचेत सळया उभ्या करून काँक्रीट ओतायचं. फ्रेममध्ये आधी कॉलम आणि मग भिंत, इथे उलटं, त्यामुळे काँक्रीट भिंतीला चावून बसतं, दोघं वेगळे राहत नाहीत. कन्फाइन्ड मेसनरी म्हणतात ह्याला, मेक्सिको-चिलीत भूकंपासाठी चालतं, आणि आपल्याकडे आयआयटी गांधीनगरने स्वतःच्या कॅम्पसमधल्या इमारती अशा बांधल्यात. जोत्यावर काँक्रीटचा एक पट्टा, लिंटेलला म्हणजे दार-खिडक्यांच्या वर एक, भिंतीच्या डोक्यावर एक, सगळे सलग, कोपऱ्यात सळई वाकवून पुढच्या भिंतीत नेलेली. काँक्रीट एकूण कमी लागतं म्हणून एम ३० चं परवडतं, आणि पाणी टँकरचं, इथे मी ऐकणार नाही.

वर छप्पर चौपाखी. ह्यावर फॅब्रिकेटरने नाक मुरडलं, कोपऱ्यात तिरपं कटिंग, पत्रा वाया जातो, वर चाळीस हजार जास्त सांगितले. दादा म्हणाला चाळीस हजारात काय होतंय, तेवढे तर आपण न्हाणीच्या टाइल्सवर घालवतो, तेव्हा ते ठरलं. डोक्यावरच्या पट्ट्यातनं प्रत्येक कैचीच्या जागी १२ एमएमच्या आटे पाडलेल्या सळया वर काढायच्या, त्या खालच्या काँक्रीटच्या कॉलमपर्यंत उतरलेल्या, आणि बेस प्लेट त्यांच्यावर नटने. म्हणजे ६०० किलोची ओढ वरच्या चिऱ्याला न लागता पार जोत्यापर्यंत जाते.

पत्र्याचं एक माझं स्वतःचं पाप सांगते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते समुद्रातनंच वर गुजरातला गेलं, आमच्याकडे त्याची नुसती शेपटी लागली, तरी मी डिझाइन केलेल्या एका होमस्टेच्या शेडीची कडेची अख्खी ओळ उडाली. जाऊन बघितलं तर स्क्रू सगळे पर्लिनमध्ये ताठ उभे, आणि प्रत्येक स्क्रूच्या वॉशरखाली पत्र्याची शर्टाच्या बटणाएवढी चकती. स्क्रू हलला नाही, पत्राच त्याच्या भोवतीने फाटून निघून गेला. मी मधे जेवढं अंतर दिलं होतं तेवढंच कडेला दिलं होतं. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे की कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याजवळ ओढ मधल्यापेक्षा दुप्पटीच्या आसपास जाते, मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. आता कडेच्या दोन ओळींना पर्लिन कमी अंतरावर आणि पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मोठ्या वॉशरसकट. मालकांनी बिचाऱ्यांनी पैसे मागितले नाहीत पण नंतर काम कधी दिलंही नाही.

एक गोष्ट मला अजून टोचते. मुंबईसाठी आयएस ८७५ मध्ये डिझाइनला धरायचा वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद आहे, म्हणजे ताशी १५८ किमीचा झोत, आणि गोव्याला ३९, म्हणजे १४०. आपण मधे कुठेतरी. निसर्गचा झोत १२०. म्हणजे वादळ आलं ते पुस्तकाच्या मर्यादेच्या आतलंच होतं, नियमाने बांधलेल्या घराचा एक पत्रा हलायला नको होता. आणि त्याच पुस्तकात चक्रीवादळासाठी जो खास वाढीव गुणक आहे तो पूर्व किनारा आणि गुजरातच्या ६० किमी पट्ट्यालाच लावायला सांगितलाय, कोकण त्यात नाही. आमच्यासारख्या साध्या घरांना तो गुणक तसाही एकच आहे, त्यामुळे काकांच्या घराला फरक पडत नाही. पण दवाखाना, किंवा वादळानंतर लोकांनी जिथे जाऊन बसायचं अशी शाळा, ह्यांना पूर्व किनाऱ्यावर तो १.३० लागतो. २००९ चं फयान, मग निसर्ग, मग तौक्ते, एवढं झाल्यावर मी तरी शाळेच्या कामाला तो लावते, कोणी विचारलं की का वाढवलं तर त्यांना काकांकडे पाठवते.

मुंबईचे लोक येऊन जी काचेची आणि कंटेनरची फार्महाऊसं बांधतायत त्यावर वेगळं लिहीन, आज नको. लोखंडी सांगाडा वाईट नसतो, उलट सांधे त्यातच चांगले करता येतात, पण इथल्या हवेत त्याला दर तीन-चार वर्षांनी घासून रंग मारायला जो माणूस लागतो तो त्या बंगल्यांना फक्त गणपतीत भेटतो.

आता काम कुठवर आलंय ते. भिंतींच्या डोक्यावरचा पट्टा गेल्या आठवड्यात ओतला, मी सकाळी सहाच्या गाडीने गेले आणि कव्हर ब्लॉक स्वतः मोजून लावले, गवंडीमामा बिडी ओढत बघत होते. दुपारी म्हणाले, "मॅडम, घराला एवढं आवळताय, श्वास तरी घेऊ द्या त्याला." सळया वर आल्यात, चौदा जोड्या, आट्यांना ग्रीस लावून वर प्लास्टिकच्या बाटल्या पालथ्या घातल्यात. काकूने त्यातल्या दोन जोड्यांना दोरी बांधून वाळवणं घातलीयत.

राहिलीये ती पडवी. माझं म्हणणं असं की पडवीचं छप्पर मुख्य छपराला सलग नको, एक हात खाली, वेगळ्या पोस्टवर, म्हणजे गेलीच तर पडवी एकटी जाईल, घराला घेऊन जाणार नाही. वळचणही मुख्य छपराची दीड फुटाच्या पुढे नको, खालनं वारं धरतं. काका म्हणतात दीड फुटात चिऱ्याच्या भिंतीवर पागोळ्या येणार, भिंत चार महिने ओली. ते चूक नाहीत, पावसाला लांब वळचण हवी आणि वाऱ्याला आखूड, म्हणून तर पडवी वेगळी करून सगळ्या बाजूंनी फिरवायची, ती पाऊस घेईल आणि वरचं छप्पर वारं घेईल. काकूचं दुखणं वेगळंच आहे. मधे हातभर फट दिसणार म्हणते, आणि त्या फटीतनं माकडं आत येणार. ह्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही, जाळी मारू म्हटलं तर म्हणे जाळी गंजते. रविवारी परत जायचंय.